झेपलिनची 'कोडा' (2015, तीन एलपी): मुंबईत वाजवलेली गाणी कणसूर का लागताहेत?

ठाणेकर बी-विंग

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लाजिरवाणा आहे, पण घरात अब्रूचा मामला झालाय म्हणून विचारतो.

लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या 'कोडा' अल्बमची तीन एलपींची रीइश्यू गेल्या महिन्यात मागवली. आता 'कोडा' म्हणजे काही त्यांचा मुकुटमणी नाही, ते मलाही कळतं. त्यांचा ड्रमर बॉनम 1980 साली गेला, बँड तिथेच थांबला आणि 1982 मध्ये कपाटातली उरलीसुरली आठ गाणी काढून जेमतेम 33 मिनिटांचा अल्बम आला. त्यातलं 'पुअर टॉम' आणि बॉनमचं ते ड्रमचं 'बॉन्झोज माँत्रो' सोडलं तर मी बाकीचं फारसं लावतही नाही. मी पैसे मोजले ते तिसऱ्या तबकडीसाठी, आणि त्यातही पहिल्या दोन गाण्यांसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑक्टोबर 1972 मध्ये जपानचा दौरा संपवून बँडमधले गिटारवाला पेज आणि गायक प्लांट दोघंच मुंबईत उतरले आणि इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी स्टुडिओत नव्याने वाजवून बघितली. एक तिसऱ्या अल्बमवरचं 'फ्रेंड्स', दुसरं चौथ्यावरचं 'फोर स्टिक्स'. दुसऱ्याला या रेकॉर्डवर 'फोर हँड्स' असं नाव दिलंय. अधिकृतपणे ती टेप बाहेर यायला जुलै 2015 उजाडलं. म्हणजे 43 वर्षं! रेकॉर्डवर वादकांच्या जागी 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' लिहिलंय. ते वाचून मला जे काही वाटलं ते इथल्या लोकांना सांगायची गरज नाही.

तर रविवारी सकाळी मोठ्या तोऱ्यात रेकॉर्ड लावली. बाबा समोर पेपर वाचत होते. बाबांचं वय 78, भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवताहेत. रॉकशी त्यांचं एरवी काही देणंघेणं नाही, पण मी मुद्दाम म्हटलं, "बाबा, हे इंग्लंडचे लोक, आणि मागे वाजवताहेत ते आपले मुंबईचे." बाबांनी पेपर खाली घेतला. 'फ्रेंड्स' अर्धं झालं असेल, तोवर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हात तयारीचे आहेत यांचे. पण सूर थरथरतोय रे. लांब सूर ओढला की कणसूर होतोय." आणि परत पेपर वर.

मी भांडलो. मग स्वतः कान देऊन ऐकलं आणि गप्प बसलो. म्हातारा बरोबर बोलतोय. तंतुवाद्यांचा लांब सूर एका जागी उभाच राहत नाही. झुल्यावर बसवल्यासारखा वर-खाली होतो. गंमत म्हणजे त्याच बाजूचं तिसरं गाणं, 'सेंट ट्रिस्टन्स सोर्ड', एकदम ठणठणीत. तिथे नुसती गिटार, बास आणि ड्रम. म्हणजे दोष मुंबईच्या टेपमध्येच आहे का? का त्या दिवशी वादकांचे सूर खरंच लागले नव्हते? प्लेअर साधा बेल्टवाला आहे, सुईला वर्षही झालं नाही, बाकीच्या रेकॉर्डी नीट वाजतात.

कोथरूड ३३

परत करा की. पाच हजारांच्या वर मोजलेत ना? बाबा बरोबर, तुम्ही बरोबर, दुकान चूक. विषय संपला.

ठाणेकर बी-विंग

विचारलं हो. "सील फोडलेली, वाजवलेली रेकॉर्ड परत घेत नाही" असं उत्तर आलं. न वाजवता कशी वाजते ते कसं कळणार, यावर तिकडून अजून काही आलेलं नाही.

सुई आणि खाच

ठाणेकर, थांबा. मुंबईच्या वादकांना दोष देण्याआधी दोन गोष्टी करा. मी पुण्यात पंचवीस वर्षं प्लेअर दुरुस्त करतोय. 'गायक बेसूर आहे' म्हणून आलेल्या तक्रारींत गायक क्वचितच दोषी निघतो.

पहिली गोष्ट. तेच गाणं मोबाईलवर लावून बाबांना ऐकवा. काही सांगू नका, फक्त ऐकवा.

दुसरी. रेकॉर्ड लावा, पण ऐकू नका, बघा. डोळा आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या टोकाच्या पातळीवर आणा. आर्म वर-खाली होत असेल तर रेकॉर्ड वाकलीय, तो वेगळा आजार. पण आर्म डावी-उजवीकडे डुलतोय का ते बघा, आणि डुलत असेल तर घड्याळ लावून मोजा. तेहतीसची रेकॉर्ड 1.8 सेकंदांत एक फेरी मारते, म्हणजे 18 सेकंदांत बरोबर दहा. डुलणंही 18 सेकंदांत दहा वेळा होत असेल तर चोर सापडला: भोक मध्यावर नाही.

डुलणं किती हेही मोजा. प्लेअरच्या न फिरणाऱ्या भागावर शाळेतली पट्टी टेकवा आणि आर्मचं टोक किती मिलिमीटरच्या पट्ट्यात हलतं ते सांगा.

आणि 'तिसरं गाणं ठणठणीत' यावर माझा विश्वास नाही. का ते नंतर सांगतो.

ठाणेकर बी-विंग

काका, दंडवत घ्या.

मोबाईलवर लावलं. बाबा दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हे दुसऱ्या लोकांनी वाजवलंय का? यांचा सूर लागलाय." मी काही न बोलता चहा टाकायला गेलो.

आर्म डुलतोय. 18 सेकंदांत दहा वेळा, दोनदा मोजलं. पट्टीवर साधारण 3 मिलिमीटर. इतके दिवस रेकॉर्ड फिरताना समोर बसलोय आणि कधी दिसलं नाही. आता दुसरं काही दिसतच नाही.

सुई आणि खाच

3 मिलिमीटर एकूण डुलणं म्हणजे भोक मध्यापासून त्याच्या निम्मं, 1.5 मिलिमीटर सरकलेलं. इथे बरेच जण घोटाळा करतात आणि सगळेच्या सगळे 3 धरतात. 1.5 हेही फार झालं बरं का. 0.2 पर्यंत चालवून घेतात.

आता बाबांच्या भाषेत सांगतो. सुई खाचेच्या बाहेरच्या वळणावर आली की तिच्याखालून खाच जोरात सरकते, सूर चढतो. आतल्या वळणावर आली की सावकाश सरकते, सूर उतरतो. रेकॉर्डच्या कडेला, जिथे तुमची मुंबईची गाणी आहेत, मध्यापासूनचं अंतर सुमारे 146 मिलिमीटर. 1.5 भागिले 146, म्हणजे एक टक्का. सप्तकाच्या 22 श्रुती सारख्या वाटल्या असं हिशेबापुरतं धरलं (शास्त्रीयवाले माफ करा), तर एक टक्का म्हणजे श्रुतीचा तिसरा हिस्सा. तेवढं वर, तेवढंच खाली, दर 1.8 सेकंदांनी. पेटीवाल्या माणसाला हे ऐकू येणारच. पेटीचा सूर हलत नाही, त्यामुळे त्यांच्या कानात पट्टी कायमची आखलेली असते.

आता तुमचं 'ठणठणीत' तिसरं गाणं. जसजसं आत जावं तसं 146 चे 120 होतात, 100 होतात, शेवटाकडे 65 च्या आसपास येतात, आणि वर मांडलेला 1.5 तसाच राहतो. म्हणजे सूर आत अजून जास्त हलतो. अगदी शेवटी तर पाऊण श्रुतीच्या जवळ. तिसऱ्या गाण्यात तो पहिल्या दोन गाण्यांपेक्षा जास्तच हलत असणार. पण ड्रमला हलायला सूर लागतो कुठे? आणि गिटारचा सूर छेडला की विझायला लागतो, हलतोय हे कळायच्या आत पुढचा येतो. गजाने ओढलेला सूर मात्र दोन-तीन सेकंद उभा राहतो, तेवढ्यात रेकॉर्डची एक आख्खी फेरी होते आणि सगळं उघडं पडतं. तुमच्या त्या तबकडीवर सर्वांत आधी पकडले जाणार होते ते मुंबईचेच लोक, कारण लांब सूर त्यांच्याकडे आहे.

रेकॉर्डच्या वजनावर जाऊ नका. 180 ग्रॅमची आहे म्हणून भोक मध्यावर येत नाही.

फक्त फ्लॅक

मला कळत नाही लोक हे का करतात. 2014-15 ची ही सगळी मालिका पेजने जॉन डेव्हिसबरोबर डिजिटलमध्ये रीमास्टर केली. 96/24 च्या, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, फायली विकायलाही होत्या. एलपी कापली तीही डिजिटलवरूनच. म्हणजे तुम्ही फाइल घेतलीत, ती प्लॅस्टिकवर ओतलीत, त्याला वाकडं भोक पाडलंत आणि वर पाच हजार दिलेत. फाइलमध्ये आर्म डुलत नाही.

सुई आणि खाच

खरंय तुमचं, फाइलमध्ये नाही डुलत. पण फाइल बाबांनी मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकली आणि ती ऐकायला पेपर खाली ठेवला नाही. असो. वाद इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत आणि तुम्ही त्या सगळ्यांवर आहात.

गिरगावचा जुना भाडेकरू

ठाणेकर, वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान.

ही दोन गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती 1980 च्या दशकात, चोरट्या कॅसेटवर. अधिकृत निघायच्या कितीतरी आधी त्या सेशनच्या नकला जगभर हिंडत होत्या. आमच्याकडे आली ती नकलेची नकल, तिचीही नकल. माझ्या मित्राच्या डेकचा रबरी पट्टा सैल होता आणि बॅटऱ्या उतरत आल्या की प्लेअर झोपायचा. त्यावर ती तंतुवाद्यं समुद्रात बुडत असल्यासारखी वाटायची. आम्ही त्यालाच 'सायकेडेलिक' समजलो. खरं सांगतो, वीस-पंचवीस वर्षं मला वाटत होतं की ते हेलकावे पेजने मुद्दाम घातलेत. 2015 ला स्वच्छ ऐकलं तेव्हा आधी थोडी निराशाच झाली.

त्याच मुक्कामात दोघं कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबमध्ये गेले आणि तिथल्याच वाद्यांवर वाजवून आले, हे तर आता सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा शाळेत होतो, गिरगावातून कुलाब्याला एकट्याला कोण सोडणार? पण त्या रात्री 'मी होतो' असं सांगणारे माझ्या ओळखीत इतके आहेत की ते सगळे खरं बोलत असतील तर अर्धी रांग रीगल सिनेमापर्यंत गेली असणार.

आणि एक, कारण कुणी लिहिलं नाही. मुंबईत जे अर्धवट सुटलं ते त्या दोघांनी सोडलं नाही. 1994 मध्ये पेज-प्लांटने 'नो क्वार्टर' केलं, त्यात 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' दोन्ही आहेत, या वेळी इजिप्तचे वादक आणि लंडनचा वाद्यवृंद घेऊन. बावीस वर्षांनी. ते जास्त सफाईदार आहे, यात शंका नाही. पण मला मुंबईचंच आवडतं. तालमीला दाराच्या फटीतून बघावं तसं वाटतं. काही जागी वादक आणि पेज एकमेकांची वाट बघताहेत हे कळतं. तेवढं कच्चेपण टेपमध्येच आहे, ते भोकाच्या माथी मारू नका.

कोथरूड ३३

काका, जुन्या डमडमच्या, म्हणजे एचएमव्हीच्या कलकत्त्यातल्या कारखान्याच्या, रेकॉर्डी तरी नीट असायच्या का? का ती नुसती आठवणीतली गोडी?

गिरगावचा जुना भाडेकरू

कसल्या नीट! माझ्याकडे डमडमच्या दोन रेकॉर्डी आहेत ज्यांवर आर्म पिंगा घालतो. तेव्हा आम्ही फक्त म्हणायचो, "जरा लहरतेय." आणि पुढे ऐकायचो. मोबाईलवर ताडून बघायची सोय नव्हती, हे एका परीने बरंच होतं.

ठाणेकर बी-विंग

काका, आता उपाय सांगा. दुकानाला आर्मचा व्हिडिओ पाठवला, पट्टीसकट. "तपासून कळवतो" म्हणाले, आठवडा झाला.

सुई आणि खाच

दुकानाचं उत्तर येईपर्यंत रेकॉर्डला हात लावू नका, कारण मी सांगतोय त्यानंतर ती कुणी परत घेणार नाही आणि विकायला गेलात तर भावही पडेल. एवढं पटत असेल तरच पुढचं वाचा.

भोक मोठं करायचं. प्लेअरची खुंटी आणि रेकॉर्डचं भोक दोन्ही सव्वासात मिलिमीटरच्या जवळपास असतात, म्हणून रेकॉर्ड घट्ट बसते आणि चुकीच्या जागी घट्ट बसते. 1.5 मिलिमीटर सरकायला जागा हवी, तर भोक सव्वादहाच्या आसपास न्यावं लागेल. ड्रिल मशीन मुळीच नको. पेन्सिलीला बारीक सँडपेपर गुंडाळा, गोल फिरवत घासा, घाई करू नका. आधी लेबलच्या बाहेर दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्र झाका, नाहीतर भुकटी खाचांत बसेल आणि मग सूर सरळ आणि आवाज कुरकुरीत. लेबलचा कागद फाटू नये म्हणून आतून बाहेर घासा.

मग मध्य शोधायचा. भोक सैल झालं की रेकॉर्ड लावा, सुई ठेवा, आर्म बाहेरच्या कडेकडे सर्वांत जास्त गेला तो क्षण पकडा आणि त्या वेळी सुईखाली रेकॉर्डची जी बाजू आहे ती लक्षात ठेवा. सुई उचला, प्लेअर बंद करा, त्या बाजूने रेकॉर्डला खुंटीकडे बोटाने हलकीशी टिचकी मारा. किती? डुलण्याच्या निम्मं. परत लावा, परत बघा. तीन-चार खेपांत आर्म स्थिर होतो. वर एखादं वजन ठेवा म्हणजे सरकणार नाही.

हेच काम करणारं यंत्र नाकामिचीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला काढलं होतं, टीएक्स-1000. रेकॉर्ड लावली की ते स्वतः मध्य शोधून तबकडी सरकवायचं. आज मिळालं तर त्या किमतीत बऱ्यापैकी गाडी येते. तुमच्याकडे बोट आहे.

ठाणेकर बी-विंग

अपडेट. दुकानाने शेवटी काही रक्कम परत दिली आणि "रेकॉर्ड तुमच्याकडेच ठेवा" म्हणाले. ठीक आहे, भांडण मिटलं.

काल रात्री घासायला बसलो. सँडपेपरचा तो आवाज... बायकोने विचारलं, "पाच हजारांची वस्तू तू घासतोयस?" मी म्हटलं, दुरुस्त करतोय. ती बराच वेळ दारात उभी होती. पाऊण तास लागला. लेबलच्या कडेला एक टवका उडालाच.

पण बसलं! चौथ्या टिचकीला आर्म थांबला. इतका थांबला की मला वाटलं प्लेअरच बंद पडलाय. 'फ्रेंड्स' लावलं. तो लांब सूर आला आणि नुसता उभा राहिला, समईच्या ज्योतीसारखा. बाबांना हाक मारायच्या आधीच ते खोलीतून बाहेर आले होते.

मग रेकॉर्ड उलटली, दुसरी बाजू लावली, आणि आर्म परत डुलायला लागला. जवळजवळ पहिल्याएवढाच. आता हे काय?

सुई आणि खाच

हे सांगायचं राहिलंच, चूक माझी. दोन बाजूंचे साचे वेगवेगळे असतात. प्रेसमध्ये एक वर बसतो, एक खाली, आणि भोक दोघांत मिळून एकच. एक साचा नीट बसलेला असतो, दुसरा नसतो, किंवा दोघं दोन दिशांना सरकलेले असतात. तुमच्या दुसऱ्या बाजूला भोक आधी कदाचित बरोबरच असेल, तुम्ही आता तिला सरकवलीत. काळजी नको, भोक आता सैल आहे, तिलाही तिच्या जागी आणता येईल. फक्त बाजू बदलली की दर वेळी जागा बदलायची.

दर वेळी शोधत बसू नका. दोन्ही लेबलांवर पेन्सिलीने बारीक बाण काढा: या बाजूने ढकला.

ठाणेकर बी-विंग

काढले बाण. खरं म्हणजे बाबांनी काढले, माझा हात थरथरत होता. पहिल्या बाजूच्या बाणाशेजारी त्यांनी बारीक अक्षरात 'सा' लिहिलंय. दुसऱ्या बाजूवर अजून काही लिहिलेलं नाही. तिथलं शेवटचं गाणं, 'इन द लाइट'ची कच्ची आवृत्ती, त्यांना आधी ऐकायचंय.